ट्रेनर ठेवण्याआधीचा अभ्यास

रविवार, ६ एप्रिल

शुक्रवारच्या नोंदीत एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. तिथे 'आज जिमला जाऊन आले' असं लिहिलं आहे. गेले हे खरं. आले हेही खरं. मधलं काही घडलेलं नाही. दारातल्या मुलीने विचारलं, कोण हवंय, आणि माझ्या तोंडून निघालं, 'कुणी नको, प्यायला पाणी मिळेल का?' पाणी प्यायले, थँक्यू म्हटलं, परत फिरले. पाणी चांगलं गार होतं. तेवढ्याच्या जोरावर आईला 'जिम बरी आहे' असं सांगितलं. तेही मागे घ्यायला हवं. उद्या घेते.

चूक दुरुस्त केल्यावर अंग हलकं वाटतं. व्यायामानंतर वाटतं म्हणतात ते असंच असणार.

मंगळवार, ८ एप्रिल

ऑफिसात नोटीस लागली. मोठ्या बाई जूनअखेर निवृत्त होणार. आमच्या नकाशा-संग्रहालयाचं तळघर इतकी वर्षं त्यांच्या ताब्यात आहे. आता ते माझ्या नाहीतर लांबूच्या ताब्यात जाणार. लांबू म्हणजे समोरच्या टेबलावरचा सहकारी. उंची भरपूर, बाकी जेमतेम. जुन्या नकाशात नदी कुठली आणि रस्ता कुठला, यात तो अजूनही गोंधळतो. मी गोंधळत नाही. तळघरातला एकेक नकाशा मला त्याच्या डागांसकट पाठ आहे. ती जागा माझीच आहे. मिळायची तेवढी राहिली आहे.

अडचण एकच. जुने नकाशे लाकडी फळीवर सपाट पसरलेले असतात. कुणी पाहायला मागितला की फळीसकट वर वाचनदालनात न्यायचा. लिफ्ट पुस्तकांपुरती, तीत फळी मावत नाही. दोघांनी धरली तर जिन्यात एक वर, एक खाली, म्हणजे फळी तिरकी, म्हणजे रंगाचे पापुद्रे सुटले. म्हणून एकट्यानेच न्यायची. परीक्षाही तीच. १२ जूनला फळीवर कोरा कागद, कागदावर काचेची गोटी, आणि तळघरापासून वाचनदालनापर्यंत चालायचं. गोटी पडली की विषय संपला.

आजवर फळी न्यायची वेळ आली की मी दार धरत असे. दार धरणाराही लागतोच.

शनिवार, १२ एप्रिल

घरी सराव. पाहुणे आले की जेवणाचं टेबल मोठं करायला एक जादा फळी लावतो, ती कपाटामागून काढली. काढतानाच धाप लागली. बाबांनी पेपरातून मान वर करून विचारलं, 'कोण येणार आहे का?' नाही म्हटलं. 'मग ठेव.' ठेवली.

विचारांती असं ठरलं की बिनमार्गदर्शनाने केलेला व्यायाम घातक असतो. पाठीला काय काय होऊ शकतं ते दुपारभर वाचलं. वाचून पाठ दुखायला लागली. ट्रेनर लागणार. पण ट्रेनर ठेवणं खरोखर फायद्याचं असतं का? हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो आधी सुटला पाहिजे.

रविवार, १३ एप्रिल

जिममध्ये आत गेले. (या वेळी खरंच.) ट्रेनरला भेटले. माझ्याहून लहान, आवाज माझ्या दुप्पट. आजूबाजूला माणसं आरशात स्वतःकडे अशी पाहत होती की जणू कुणी पाहुणाच आलाय आणि त्याला कुठे बसवू नि कुठे नको असं झालंय.

फळीचं आणि परीक्षेचं सांगून झालं. मी प्रश्न काढून नेले होते. तिचं शिक्षण, तिची पद्धत, त्या पद्धतीवर आक्षेप घेणारे कोण, त्यांचं म्हणणं काय. ती म्हणाली, 'मॅडम, तुम्ही व्यायामाला आलात की माझा इंटरव्ह्यू घ्यायला?' मी म्हटलं, 'आधी दुसरं, मग पहिलं.' ती हसली. माझा काटेकोरपणा तिला आवडला असावा.

तुमच्या पद्धतीविरुद्ध सर्वांत भक्कम आक्षेप कोणता, असं शेवटी विचारलं. ती म्हणाली, 'लोक येत नाहीत.'

एक ट्रायल फ्री असते. घेऊ या का म्हणाली. मी म्हटलं, मी आज साडीत आहे. ती म्हणाली, साडीतच उचलणार ना फळी? उत्तर चटकदार होतं, पण पुरावा म्हणून कच्चं.

सोमवार, १४ एप्रिल

रात्रीच्या जेवणावर विषय काढला. आमच्या घरात कुठलाही निर्णय टेबलावर येतो आणि बराच काळ तिथेच राहतो. मी बारा वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. आई-बाबांनीच घरी शिकवलं. बाबा जन्माचे ऑडिटर. त्यांच्या शाळेत पुराव्याशिवाय 'दोन' सुद्धा मान्य नव्हता. खेळाचा तास होता, त्यात ते खेळांचे नियम मोठ्याने वाचून दाखवत. पोहण्याचे चारही प्रकार मी गादीवर शिकले आहे. बाबांच्या मते पाणी हा तपशील आहे.

आई म्हणाली, 'अगं, घेऊन टाक ती ट्रेनर. उचलायला शिकव म्हणावं, झालं.'

बाबा म्हणाले, 'पुरावा?'

'आला हा पुरावा मधे!' आई म्हणाली. 'लग्नाच्या वेळी माझा कुठला पुरावा मागितला होतात?'

'म्हणूनच आता मागतो,' बाबा म्हणाले. आईने त्यांना वाढायचं ते वाढलं, पण जरा आपटून.

मी म्हटलं, ट्रायल घेऊन स्वतःच अनुभव पाहते. तेव्हा बाबांनी बोट वर केलं. आमच्या घरच्या शाळेचा पहिला नियम त्यांनी आठवणीने सांगितला. आपला पेपर आपण तपासायचा नाही. व्यायाम मीच करायचा आणि तो उपयोगी पडला की नाही हे मीच ठरवायचं, म्हणजे विद्यार्थीही मीच आणि परीक्षकही मीच. निकाल काय लागणार? मला पटलं. इतकं उघड होतं तरी सुचलं कसं नाही, याची लाजही वाटली.

म्हणजे व्यायाम दुसऱ्या कुणीतरी करायला हवा.

बाबांनी गुडघे दाखवले. उरली आई. आई म्हणाली, 'परीक्षा हिची आणि घाम माझा?' पण मग म्हणाली, 'करते. नाहीतरी वरच्या फडताळातलं काही हाताला येत नाही हल्ली.'

रविवार, २० एप्रिल

ट्रेनर घरी आली. तिला वाटलं मी आहे. मी तयारीतच होते (पेन, वही, खुर्ची). आई पुढे झाली तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. प्रयोगाची रचना मी समजावून सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आईला म्हणाली, 'काकू, चला, मुलगी मोठी व्हायच्या आत आपण सुरू करू.'

आई पहिल्या स्क्वॉटला बसली ती तिथेच राहिली. हात देऊन उठवावं लागलं. ट्रेनरने उठवलं. मी लिहीत होते. निरीक्षकाने मधे हात घातला तर निरीक्षण बिघडतं.

आई रागावली आहे. उद्या विचारेन का ते.

सोमवार, २८ एप्रिल

लांबू दुपारच्या सुट्टीत तळघरातून रिकामी फळी घेऊन जिन्यापर्यंत जातो आणि परत येतो. येताना घामाघूम. आज फळी दाराला लागली, तर 'सॉरी' म्हणाला, दाराला. मी त्याला विचारलं, हे नेमकं कुठल्या पद्धतीने करतोयस? म्हणाला, 'पद्धत कसली? उचलतो नि चालतो.' मग मलाच म्हणाला, 'तू पण ये की. दोघं मिळून करू, बरं असतं.'

माणूस मनाने वाईट नाही. विचार मात्र कुठेच नाही. कीव येते.

सोमवार, ५ मे

आईचे आता बरेच स्क्वॉट होतात. ट्रेनरने तिला बाटल्यांत वाळू भरून दिली आहे. आई त्या घेऊन हॉलमध्ये येरझाऱ्या घालते. बाबा पेपर उंच धरून बसतात. म्हणजे काहीतरी दिसू नये म्हणून.

निरीक्षण करणं वाटतं तितकं सोपं नाही. आज एवढं एकाग्र व्हावं लागलं की संपल्यावर मी आडवी झाले. आई म्हणाली, 'दमलीस?' आवाजात खोच होती. 'उंटावरून शेळ्या हाकायलाही जोर लागतो हं,' म्हणाली आणि स्वतःच हसत आत गेली. ट्रेनरही हसली. दोघींचं अलीकडे फार जमतं.

गुरुवार, १५ मे

ट्रेनरने प्रस्ताव मांडला. काकूंनंतर तिला अर्धा तास रिकामा असतो. 'मॅडम, तुमची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे ना? मी इथे आलेलीच असते. तुम्ही फक्त त्या खुर्चीवरून उठा.'

क्षणभर मोह झाला. खोटं का लिहू, उठलेसुद्धा होते. मग लक्षात आलं की मी सुरू केलं तर आईची प्रगती पाहताना माझं मन निष्पक्ष राहणार नाही. आईला हेवा वाटेल, मला हेवा वाटेल, सगळा डेटा गढूळ. प्रयोग मधेच सोडायचा नसतो. तिला सांगितलं, अहवाल पूर्ण झाला की लगेच.

'आणि परीक्षा?' तिने विचारलं.

परीक्षा अहवालानंतरच आहे, असं मी म्हटलं. मनातल्या मनात तरी तसं होतं.

तिने आईकडे पाहिलं. आईने बाटल्या उचलल्या.

शुक्रवार, २३ मे

घरी आले तर हॉलमधलं कपाट दुसऱ्या भिंतीला. बाबा खुर्चीत अंग चोरून बसलेले. आईने सरकवलं म्हणे. एकटीने. मी विचारलं, का? आई म्हणाली, 'तिथे अंधार होता. कधीचं सरकवायचं होतं. तुझे बाबा मजुराची चौकशी करत होते.' किती दिवस, असं मी विचारलं, तर बाबा म्हणाले, 'तू सहावीच्या पुस्तकात होतीस तेव्हापासून.'

बाबांना हे निष्कर्षाकडे झुकणारं वाटतं. मला अजून नाही. कपाट रिकामं असू शकतं.

(तपासलं. भरलेलं होतं.)

शनिवार, ३१ मे

आज तळघरात एकटीच होते. सगळ्यात खालच्या खणात एक मोठा नकाशा आहे. किनारपट्टीचा. चितारणाऱ्याचा हात एका ठिकाणी थरथरला आहे आणि तिथे एक लहानसं बेट झालं आहे. असं बेट नाही. कधीच नव्हतं. त्याने ते खोडलं नाही, त्यावर एक झाड काढलं. कुणी वाचक मागत नाही म्हणून तो वर जात नाही. किल्ली माझ्याकडे आली की पहिल्याच दिवशी तो मी स्वतः उजेडात नेणार. दोन्ही हातांनी. कुणाकडून दार धरून घेणार, तेही ठरवलं आहे. लांबूकडून.

फळीच्या कडेला हात लावून पाहिला. उचलली नाही. नकाशा होता वर, धोका नको.

बुधवार, ११ जून

उद्या. मन अगदी शांत आहे. इतके दिवस योग्य पद्धत रोज समोर पाहिली आहे. गुडघ्यातून वाकायचं, पाठ सरळ, श्वास उचलताना बाहेर, नजर समोर. लांबूला यातलं एक अक्षर ठाऊक नाही. आईला झोपताना सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं. ती म्हणाली, 'सगळं बरोबर आहे गं बाई.' मग बराच वेळ दारातच उभी राहिली. मी म्हटलं काय? म्हणाली, 'काही नाही. उद्या दोन घास जास्त खाऊन जा.'

गुरुवार, १२ जून

नेमकं काय घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे गैरसमज नको.

लांबू आधी गेला. त्याची गोटी पहिल्या वळणावर घरंगळली, कडेला आली, तिथे थबकली. तो तोंडाने 'ए, ए, ए' म्हणत होता, गोटीला. पोचला. पद्धत शून्य.

मग मी. गुडघ्यातून वाकले. पाठ सरळ. फळी उचलली, आणि हे मला ठळकपणे नोंदवायचं आहे, व्यवस्थित उचलली. तळघराच्या दारापर्यंत मोठ्या बाईही काही बोलल्या नाहीत. जिन्याच्या पहिल्या वळणावर हात आपले आपण थरथरू लागले. मी हातांना थांबा म्हणून सांगितलं, पण ते ऐकेनात. गोटी हलायच्या बेतात आली. त्या क्षणी मी जे केलं ते नकाशाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित होतं. वळणावरच्या फरशीवर फळी हळूच टेकवली. गोटी जागची हलली नाही. लांबूची हलली होती.

हे मी मोठ्या बाईंच्या निदर्शनास आणून दिलं. त्या जिन्यात खाली आल्या, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, 'हो, गोटी हलली नाही. फळीही हलली नाही.'

मग दालनात एक वाचक नकाशाची वाट पाहत बसला होता, त्या नकाशाची फळी वर न्यायची होती. लांबू आला, उचलली, निघाला. दार कुणीतरी धरायला हवं होतं.

शुक्रवार, १३ जून

रजा. दंड दुखतात. म्हणजे व्यायामाचा परिणाम होतोच. अहवालात घालायला हवं.

सोमवार, १६ जून

किल्ली लांबूला मिळाली. पेढेबिढे काही आणले नाहीत, लाजत होता. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, 'अगं, मला त्यातलं काही कळत नाही हे तुला माहितीये. तू सांग, मी उचलतो. तो खालच्या खणातला बेटवाला नकाशा चांगला आहे म्हणतात. वर आणू का? तुला बघायला?'

नको म्हटलं. काम होतं.

काम नव्हतं.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, निवडीची पद्धत न्याय्य होती का? आक्षेप नोंदवायला वाव आहे का? मी हो म्हणणार तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ओल्या हातांनीच. म्हणाली, 'तुम्ही गप्प बसा हो जरा.' मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'तुला ती फळी उचलायचीच नव्हती गं. तुला फक्त चुकायचं नव्हतं. आम्हीच तसं शिकवलं तुला. आणि आता मला सांगताही येत नाही की ते विसर.'

 बाबांनी पेपर उघडला, तो उलटा होता, तरी तसाच धरून बसले.

आई दमलेली असावी. सकाळी ट्रेनरने जास्त करून घेतलं होतं.

रविवार, २२ जून

अहवाल पूर्ण झाला. आई-बाबांना जेवणानंतर वाचून दाखवला. निष्कर्ष असा की योग्य ट्रेनर ठेवणं निःसंशय फायद्याचं आहे. आईच्या दंडांत, गुडघ्यांत, जिना चढण्यात आणि स्वभावात स्पष्ट फरक आहे. (स्वभावाच्या मुद्द्यावर बाबांनी दुजोरा दिला. तो मी वेगळा नोंदवला आहे.) इतका निर्दोष अहवाल घरच्या शाळेतही मी कधी लिहिला नव्हता. बाबा म्हणाले, 'यात चूक काढता येत नाही.' त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. रडू आलं. आनंदानेच.

आई म्हणाली, 'झालं ना सिद्ध? मग आता तू कर.'

अर्थात. आता आक्षेपच उरला नाही. किल्ली गेली म्हणून काय झालं? हात आपल्यासाठीही लागतात. आई म्हणाली, 'उद्या सकाळीच ये माझ्याबरोबर. ती पोरगी सोमवारी चाललीये, तीस तारखेला. दुसऱ्या शहरात स्वतःची जिम काढतीये. तोवर रोज येणार आहे. तेवढ्यात तुला मुळातलं सगळं दाखवील, पुढचं मी बघते. मी उठवीन तुला, ये.'

मी नीट विचार केला. जाणाऱ्या माणसाच्या मागे सामानाची बांधाबांध असते, निरोप असतात, लक्ष थाऱ्यावर नसतं. अशा गडबडीत तिच्याकडे पहिला धडा मागणं म्हणजे तिच्यावर अन्याय. शिवाय महिना संपता संपता कुणी काही सुरू करत नाही. तिचं सगळं एकदा आवरू दे, तिला मोकळं होऊ दे.

आता मात्र पक्कं. यात बदल नाही. मंगळवार, १ जुलै. सकाळी उठल्या उठल्या तिला घरी बोलवायचं.